पट्टा पडल्यावर ते फोटो पुन्हा लावा : एका शाळेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, संचालक मंडळ,
मा. मुख्याध्यापक आणि कलाशिक्षक,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आपल्या शाळेच्या कलादालनात ऊसतोड कामगारांच्या फोटोंचं जे प्रदर्शन लागलंय, ते ठरल्या तारखेच्या आठ दिवस आधीच उतरवायचं आपण ठरवलंय, असं कानावर आलं. शाळेचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. छायाचित्रकाराचंही नाही. जिल्ह्यात ज्याला कळायचं त्याला कळेल, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

माझी ओळख एवढीच की बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, धारूरच्या अंगाला, मी तीसेक वर्षांपासून फोटो स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हणजे दहा बाय चौदाचं दुकान. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागे पडदा आणि दोन छत्र्या. परीक्षेच्या फॉर्मला फोटो, बँकेला फोटो, लग्नाचे फोटो, आणि माणूस गेला की दहाव्याच्या आत मोठा करून फ्रेम केलेला फोटो, हा माझा धंदा. कलेतलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण कॅमेऱ्यापुढे माणूस कसा बसतो आणि फोटो हातात पडल्यावर त्याचं तोंड कसं होतं, हे मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. त्या हिशोबानं लिहितोय.

प्रदर्शन मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा फोटोपेपर आणायला शहरात आलो होतो, तेव्हा जाता जाता. दुसऱ्यांदा मुद्दाम, दुकानाला कुलूप लावून.

जे चांगलं आहे ते आधी सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. चित्रकलेच्या तासाला गुरुजी फळ्यावर एक मडकं काढायचे, 'काढा' म्हणायचे आणि डुलकी घ्यायचे. तुमच्याकडे या कामासाठी अख्खं दालन आहे. पांढऱ्या भिंती, वरून दिवे, मधे बसायला बाक. एरवी तिथे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची चित्रं लागलेली असतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण वाढून मिळतात म्हणून पोरांना चित्रकलेला घालतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. अशा भिंतीवर कोयते, मोळ्या, पाचट आणि कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, आणून लावल्यात, याला हिंमत लागते. ती तुम्ही दाखवलीत, म्हणूनच हे पत्र लिहायचं सुचलं. नाहीतर लिहिलंच नसतं.

फोटो चांगले आहेत. चांगले म्हणजे फार चांगले. तीन हंगाम हा माणूस टोळ्यांबरोबर हिंडलाय, हे फोटोंवरूनच कळतं. एका दिवसासाठी आलेल्याला कोपीच्या आतला उजेड सापडत नाही. दारातून शिरल्यावर डाव्या हाताचा दुसरा फोटो बघा. पहाटेची वेळ आहे, फडात उजेड फक्त कुणाच्या तरी कपाळाला बांधलेल्या बॅटरीचा. बाई मोळी बांधतेय. शटर ढिलं ठेवल्यामुळे हात हललेले दिसतात, वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याची दोरी तर नुसती रेघ झालीय, पण चेहरा थांबलाय, आणि तोंडातून निघालेली वाफ त्या बॅटरीच्या उजेडात अडकलीय. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, इतका चढवलाय की दाणे उठलेत. मी असतो तर फ्लॅश मारला असता आणि फोटोचा सत्यानाश केला असता. त्या फोटोपुढे मी बराच वेळ उभा होतो आणि मला या माणसाचा हेवा वाटला. हेही लिहायला हवं, नाहीतर पुढची तक्रार म्हणजे स्टुडिओवाल्याचं पोटदुखणं आहे असं कुणीतरी म्हणेल.

दुसऱ्या वेळी मी गेलो तेव्हा तुमच्या नववीच्या वर्गाला रांगेनं आणलं होतं. पोरं बाक, दिवे, एकमेकांची दप्तरं, सगळं बघत होती, मधूनमधून फोटोही. एकजण दुसऱ्याला विचारत होता, असला कॅमेरा केवढ्याला येतो. रांगेतला एक पोरगा बैलगाडीच्या फोटोपुढे थबकला. त्या फोटोत कारखान्याच्या रांगेत टायरगाडी उभी आहे. गाडीवान पाठमोरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. बैलानं मात्र मान वळवून सरळ कॅमेऱ्यात पाहिलंय. बैलाचा डावा कान फाटका आहे. पोरगा एकदम बोलून गेला, "आरं, हा तर आमचा सर्ज्या!"

मागची चार पोरं पुढे सरकली. एकानं विचारलं, "तुमचा? मंग ह्यो पाठमोरा कोन, तुझा बाप का?"

पोरानं फोटोकडे पुन्हा पाहिलं. मग त्या चौघांकडे. आणि म्हणाला, "न्हाई. तसाच दिसतो फक्त." मग पुढच्या फोटोकडे गेला आणि तिथे काही न बघता उभा राहिला.

फाटक्या कानावरून बैल ओळखणारं लेकरू बापाची पाठ ओळखणार नाही होय? त्याचे आईबाप तेव्हा कोणत्या कारखान्याला होते मला माहीत नाही, पण दालनात नव्हते हे नक्की. जानेवारीत आमच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी घरं कुलपं घालून गेलेली असतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. तुमचं प्रदर्शन नेमकं जानेवारीत लागलं आणि फेब्रुवारीत उतरणार. ज्यांचे फोटो भिंतीवर आहेत त्यांतला एकही माणूस ते बघायला येऊच शकणार नाही, असे दिवस जिल्ह्यात शोधून काढायचे म्हटले तर हेच दोन महिने सापडतील. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि माझं दुखणं तेच आहे.

आता फोटोंखालच्या ओळी. सगळ्या इंग्रजीत. 'केन कटर, बीड.' 'वूमन विथ चाइल्ड.' 'मायग्रंट फॅमिली, हार्वेस्ट सीझन.' कलाशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, हेच फोटो आधी मोठ्या शहरात लागले होते, पाट्या तिथूनच आल्या. बरं. पण मराठी शाळेत, मराठी लेकरांपुढे, मराठी माणसांच्या फोटोंखाली, 'कोयता' म्हणजे नुसती वस्तू नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि एकटा गडी असला की त्याला अर्धा कोयता धरतात, एवढं सांगणारी एक ओळ कुणी लिहू शकलं नसतं का? 'उचल' म्हणजे काय, 'खाडा' झाला, म्हणजे कामाचा दिवस बुडला, की किती कापतात, हे त्या नववीतल्या निम्म्या पोरांनी तुम्हाला तोंडपाठ सांगितलं असतं. पाट्या त्यांच्याकडून लिहून घेतल्या असत्या तरी चाललं असतं. शुद्धलेखन मग बघता आलं असतं.

आणि तो खाकी कागद. पहिल्या वेळी त्या जागी एक फोटो होता. कोपीच्या तोंडाशी बाई बसलेली, लुगड्यावरून नवऱ्याचा सदरा घातलेला, मांडीवर दवाखान्याच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. खाली इंग्रजीत तिचं वय आणि तिचं कोणतं ऑपरेशन झालं ते. आमच्याकडे त्याला 'पिशवी काढली' म्हणतात, पिशवी म्हणजे गर्भाशय. दुसऱ्या वेळी गेलो तर फोटोवर दुकानातला खाकी कागद, चारी बाजूंनी सेलोटेप. काही मंडळी येऊन मुख्याध्यापकांना भेटली, जिल्ह्याची बदनामी होते म्हणाली, म्हणून झाकला, असं शिपायानं सांगितलं. त्याच मंडळींच्या आग्रहापोटी आता सगळंच प्रदर्शन लवकर उतरवताय.

तो फोटो झाकलात हे बरं केलंत. पण झाकण्याचं कारण चुकलं.

बदनामीचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार दम नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय 2019 साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. देशभरच्या वर्तमानपत्रांत बीडचं नाव आलं. जी गोष्ट सरकारी कागदावर आहे ती शाळेच्या भिंतीवर आल्यानं जिल्ह्याचं नाक कापलं जात नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. ती तहान काही मिरवण्यासारखी नव्हती, तरी गाडीवर पोस्टरं चिकटलीच. आपल्याकडे दुःखाचा फोटो आपल्या पोस्टरवर असला की विकास, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर असला की बदनामी. असो. या मंडळींना चहा पाजा आणि वाटेला लावा.

माझं म्हणणं निराळं आहे. ती बाई मी ओळखतो. तिचं नाव, गाव, तिची लेकरं, सगळं मला माहीत आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण लिहायचं की नाही हे तिनं ठरवायचं. तुमच्या पाटीवर नाव नव्हतं, पण चेहरा होता, जिल्हा होता, वय होतं आणि ऑपरेशन होतं. दिल्ली-मुंबईला तेवढ्यावरून तिला कोणी ओळखणार नाही. तुमच्या शाळेत ओळखणारच. आमच्या पट्ट्यातली किती लेकरं तुमच्याकडे वसतिगृहात राहून शिकतात, तुमच्याच हजेरीपटात बघा.

फोटो काढणाऱ्यांचा आणि गरिबांचा हा हिशोब जुना आहे. माझ्या धंद्याची गोष्ट म्हणून मी त्यातलं थोडं वाचत आलोय. आपल्या मराठवाड्यातच सुरुवात करा. 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी अन्नान्न दशा झालेल्या माणसांचे फोटो काढले. त्यातला एक लॉर्ड कर्झनच्या संग्रहातल्या अल्बममध्ये आहे आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हाडांचे सापळे झालेली माणसं कॅमेऱ्यापुढे. त्याचं शीर्षक इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर 'खंगण्याचे प्रकार, औरंगाबाद'. म्हणजे ज्वारीचे प्रकार, कापडाचे प्रकार, तसे हे. ती कुणाची माणसं, कोणत्या गावची, कुणी लिहिलं नाही. दीनदयाळ मोठे कलावंत, त्यांच्या काळात तीच रीत. पण सव्वाशे वर्षांनी तुमच्या पाटीवर 'केन कटर, बीड' वाचताना मला तो अल्बमच आठवला.

अमेरिकेत 1936 साली मटारच्या शेंगा तोडायला आलेल्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या बाईंनी एका आईचा फोटो काढला. तोंडावर हात टेकलेली आई, दोन लेकरं मान फिरवून तिच्या खांद्याला चिकटलेली. तुमच्या कलाशिक्षकांनी तो नक्की पाहिला असणार, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंतला एक आहे. लँगबाईंनी त्या आईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्सन हे नाव जगाला कळलं 1978 साली, बाई म्हातारी झाल्यावर, आणि तेही तिनं स्वतः सांगितलं तेव्हा. त्या फोटोतून आपल्याला एक पैसा मिळाला नाही ही तिची तक्रार होती. दुसऱ्या बाजूला लुईस हाइन नावाचा माणूस बघा. हा मुळात शाळामास्तर, न्यूयॉर्कच्या शाळेत शिकवायचा. 1908 पासून गिरण्या-खाणींत राबणाऱ्या लेकरांचे फोटो काढत हिंडला. जमेल तिथे लेकराचं नाव आणि वय लिहून घ्यायचा. उंची मोजायला पट्टी काढली तर मालक हाकलतील, म्हणून अंगातल्या कोटाच्या कितव्या बटणापर्यंत लेकरू येतं ते ध्यानात ठेवायचा आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवायचा. हे मी वाचलं त्या दिवसापासून मास्तर लोकांबद्दलचं माझं मत जरा सुधारलं.

पण मला हे पुस्तकातून कळलं नाही, किल्लारीला कळलं.

1993 साली मी 19 वर्षांचा होतो. लातूरला एका स्टुडिओत डार्करूमचं काम शिकत होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, आसपासची गावंच्या गावं बसली. दगड-मातीची जाड घरं, झोपलेल्या माणसांवर आली. हजारोंनी माणसं गेली. देशातले आणि बाहेरचे फोटोग्राफर आले. त्यांचे फोटो छापून आले म्हणून मदतीचा ओघ लागला, हे मी नाकारत नाही.

आमच्या डार्करूमला मात्र पंधरा-वीस दिवसांनी निराळीच माणसं यायला लागली. त्यांच्या हातात ढिगाऱ्यातून निघालेले लग्नाचे अल्बम. वरून पाऊस झालेला, पानाला पान चिकटलेलं. घोळक्याचा फोटो दाखवून म्हणायचे, ही मागची, डोक्यावर पदर घेतलेली, हिला मोठी करून द्या. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. आम्ही त्या फोटोचा फोटो काढायचो, निगेटिव्ह करायचो, एनलार्जरचं मुंडकं दांड्याच्या पार टोकाला न्यायचो. लाल बल्बाखाली ट्रेमध्ये कागद हलवत बसायचं, तर वर काय यायचं? दाणेच दाणे. नाक कुठलं, डोळे कुठले, पत्ता नाही. मालक म्हणायचे, येत नाही म्हणून सांग बाहेर, पैसे परत दे. मी एकाला तसं सांगितलं. चाळिशीचा माणूस, हाताला प्लॅस्टर. त्यानं तो ओला कागद माझ्या हातातून घेतला आणि बघत राहिला. "तुम्हाला दिसत नसंल," म्हणाला. "मला दिसतंय. द्या."

त्या आठ-दहा महिन्यांत असे किती कागद मी धुतले याचा हिशोब नाही. पेपरात छापून आलेला आपल्या पडक्या घराचा फोटो मागायला मात्र एकही माणूस आला नाही.

म्हणून मी स्टुडिओवाला झालो आणि प्रेस फोटोग्राफर झालो नाही, असं सांगायला बरं वाटतं. खरं कारण असं की तिकडे पगार वेळेवर नव्हता.

आता त्या बाईची गोष्ट. दसरा झाला की माझ्या दुकानात गर्दी होते. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, हातात आलेली असते, किराणा बांधलेला असतो, ट्रक कधी येतोय त्याची वाट. त्या आठवड्यात एकेक कोयता लेकरांसकट फोटोला येतो. थोरली लेकरं आजीकडे राहणार किंवा वसतिगृहात, धाकटं बरोबर जाणार. एक प्रत आजीच्या भिंतीला, एक पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली. मोबाइल आता प्रत्येकाकडे आहे, तरी हा कागदाचा फोटो लागतोच. माझ्याकडे खुंटीला काळा कोट आहे, पाठीमागून उभा चिरलेला, म्हणजे कुणाच्याही अंगाला बसतो, मागून चिमटे लावायचे. पावडरचा डबा आहे, कंगवा आहे. आणि सांगणं एकच असतं, भाऊ, हातावरच्या चिरा दिसू देऊ नका. उसाच्या पात्यानं बारीक चिरा पडतात, त्यात काळं बसतं ते साबणानं निघत नाही. पूर्वी मी ब्रशनं पुसायचो, आता कॉम्प्युटरवर पुसतो. तुमच्या दालनात एक फोटो नुसत्या तळहातांचा आहे, त्याच चिरा दोन फूट रुंद करून लावलेल्या. तो खोटा आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? खोटेपणा करून पोट तर मी भरतो. फक्त माझं गिऱ्हाईक फोटो बघून, पसंत करून, घरी घेऊन जातं.

ही बाई दोन वर्षांमागे अशीच आली. घरच्यांचा फोटो झाला, नवरा तंबाखू मळत बाहेर गेला, तर ही मागे रेंगाळली. "मामा, माझा एकटीचा काढा." जांभळी साडी, नवीकोरी, घडी मोडलेली दिसत होती. "हसू का नको?" तुझी मर्जी, म्हणालो. पहिले दोन ताठ आले. तिसऱ्याला बाहेरून धाकटं काहीतरी ओरडलं आणि ती हसली. तो फोटो तिनं घेतला, नवऱ्याला न सांगता, ब्लाउजच्या आत ठेवला आणि गेली. ऑपरेशन त्याच्या आधीचं. म्हणजे तुमच्या भिंतीवरची बाई आणि जांभळ्या साडीतली बाई, वय एकच, दुखणंही तेच.

तुमच्याकडून परत आल्यावर मी तिला फोन लावला. सांगलीच्या बाजूला फडात होती, मागे ट्रक भरण्याचा आवाज. सांगितलं, तुझा फोटो शाळेत लागलाय.

"कोनता?"

मी सांगितलं, कोपीपुढे बसलेला.

"आगं बाई, सदरा घातल्याला? आन् शाळा कोनती?" शाळेचं नाव सांगितल्यावर थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तिथं तर आमच्या नणंदेची लेक हाय." विचारलं, काढताना तुला विचारलं होतं का? "विचारलं की. फोटो काढू का म्हनले, मी व्हय म्हनलं. सायेब चांगले होते, लेकरायला बिस्कुटं दिली. कुठं लावनार ते न्हाई बोलले." पुन्हा जरा थांबली. "मामा, तुमच्याकडचा हाय का आजून? जांभळ्या लुगड्यातला? त्यो लावा म्हनावं त्यांना."

फोटोखाली काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नाही. माझं धाडस झालं नाही. ते काम तुमचं आहे आणि त्या छायाचित्रकाराचं आहे, आणि ते फोनवर करायचं काम नाही.

तर माझी विनंती अशी. प्रदर्शन लवकर उतरवू नका, ठरल्या दिवशीच उतरवा, आणि उतरवलेले फोटो परत पाठवू नका. पाडव्याच्या आगेमागे एकेका कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि टोळ्या घरी येतात. एप्रिलमध्ये तुमच्या परीक्षा असतात आणि दालन रिकामंच असतं. त्या महिन्यात आठ दिवस हेच फोटो पुन्हा लावा, सकाळी दहा ते पाच नव्हे, संध्याकाळी आणि रविवारी. ज्यांचे फोटो आहेत त्यांना गावात जाऊन बोलवा. त्या छायाचित्रकारालाही बोलवा. तीन हंगाम टोळीबरोबर राहिलेला माणूस एवढ्यासाठी येईल, नक्की येईल. प्रत्येक फोटोची एक प्रत ज्याची त्याला हातात द्या. ज्याला आपलं नाव खाली हवंय त्याचं मराठीत लिहा, ज्याला नको त्याचं लिहू नका, ज्याला फोटोच नको त्याचा भिंतीवरून काढा आणि वाद घालू नका. ऑपरेशनची ओळ तेवढी कुणाच्या होकाराची वाट न बघता आजच काढा, खाकी कागदासकट. आणि एखाद्याला आपल्या आवडीचा फोटो शेजारी लावून हवा असेल तर लावू द्या. असे काही माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, बारा बाय अठराचे प्रिंट मी पदरचे काढून देतो. चिरा पुसलेला हात आणि चिरांचा हात एकाच भिंतीला लागला तर लेकरांना बघायला मिळेल, ते त्यांचं ते ठरवतील.

एक हात जोडून सांगणं. त्या बैल ओळखणाऱ्या पोराला शोधून काढून प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांपुढे उभं करू नका. आपल्याकडे अशा सत्काराची फार हौस असते. त्याचा बाप आला आणि त्यानं स्वतः हात धरून फोटोपुढे नेलं, तर तेवढं पुरे.

माणसं आणायला दोन जीप लागतील. एक माझ्या मेव्हण्याची आहे, डिझेल मी बघतो. दुसरीचं तुम्ही बघा. आणि दालनाच्या दाराला 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी जी पाटी आहे, ती त्या आठ दिवसांपुरती काढून ठेवा. आमची माणसं पाटी दिसली की बाहेरूनच परत फिरतात.

आपला,
धारूरच्या अंगाचा एक फोटो स्टुडिओवाला